६०० × १२०० ची लादी चौकटीपाशी कापताना कोपऱ्यातूनच फुटते, काय चुकतंय?

पारिजात, ऐरोली

आमचं सिडकोचं जुनं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलमध्ये ६०० × १२०० मिमीच्या, ९ मिमी जाड व्हिट्रिफाइड लाद्या घेतल्या. मिस्त्री चांगला होता, पण अख्ख्या लाद्या बसवून झाल्या आणि त्याच्या घरी आजारपण निघालं, तो गावी गेला. राहिल्या कडा.

बाल्कनीकडच्या पट्ट्या मी आणि भावाने चार इंची ग्राइंडरने कापल्या. कडेचे टवके उडाले, पण ते स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्टीखाली, जातील. बेडरूमच्या ग्रॅनाइटच्या चौकटीभोवतीच्या एल आकाराने मात्र रडवलंय. पहिली लादी दोन काप कोपऱ्यात मिळाले त्याच क्षणी तिरकी तडकली. दुसरी पूर्ण कापून झाली आणि उचलताना तिथूनच गेली. आता दोनच शिल्लक आहेत. तुर्भ्याच्या दुकानात त्या बॅचचा माल संपलाय, आणि नवीन बॅचची लादी शेजारी ठेवली की रंगातला फरक लगेच दिसतो.

हाताशी ग्राइंडर, ड्रिल, गुण्या, ॲल्युमिनियमची पट्टी आहे. शेजाऱ्यांकडे हातकटर आहे. पाण्याचं मोठं मशीन तीन जिने चढवणं शक्य नाही. कृपया सांगा.

ओळंबा, कळवा

ताई, उरलेल्या दोन लाद्यांना आज हात लावू नका. फुटलेल्यांचे तुकडे ठेवलेत ना? आधी त्यांवर हात बसवा. मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय, तरी नवीन मालाचा पहिला एल तुकड्यावरच कापतो.

हातकटर इथे उपयोगाचा नाही. तो ओरखडा काढून लादी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोडतो, मध्येच थांबत नाही. चूक त्या आतल्या कोपऱ्यात आहे. भट्टीतून निघालेल्या लादीत ताण राहिलेला असतो, आणि दोन काप टोकदार कोनात मिळाले की तो तिथूनच बाहेर पडतो. म्हणून आधी कोपऱ्यात ८ मिमीचं भोक पाडा, टाकायच्या भागात, दोन्ही रेघांना जेमतेम टेकेल असं. डायमंड बिट, ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारी सोय) बंद, बिट तिरकं धरून सुरुवात, थेंबथेंब पाणी. मग काप भोकापर्यंत आणा. पाती गोल असल्यामुळे वरून काप भोकाला भिडला तरी खाली थोडं राहतंच. तेवढं लादी उलटी करून मागून कापा, मागे काप पुढे गेला तरी दिसत नाही.

पातं कोणतं आहे तेही बघा. खाचांचं असेल तर ते काँक्रीटचं, टवके त्यानेच उडतात. अखंड कडेचं घ्या, १०० किंवा १०५ मिमीचं. दुकानदार ११० चं देईल, ते मार्बल कटरचं. ते बसावं म्हणून गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, काढू नका, अजिबात नाही.

लादीखाली सपाट जमिनीवर अख्खी थर्माकोलची शीट ठेवा. लादी अधांतरी राहिली की तुमची दुसरी फुटली तशी फुटते. पहिल्या फेरीत फक्त दोनेक मिलिमीटर खोल, पट्टीच्या आधाराने, मग हळूहळू आरपार. उचलताना दोघांनी उभी उचला, एलचा बारीक पाय कधीच धरू नका.

आणि मास्क एन ९५ चाच, रुमाल नको. माझे मामा दगडखाणीत होते, त्यांची छाती सिलिकाच्या धुळीने गेली, ती परत येत नाही. ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो, म्हणून पाणी ओतू नका. प्रत्येक फेरीनंतर मशीन बंद करून ओल्या स्पंजने खाच पुसा. चष्मा लावा, वारा पाठीशी घ्या.

उंबरठा, नेरुळ

एक पर्याय. चौकटीच्या रेषेत सांधा धरून एलचे दोन चौकोनी तुकडे करा. दोन्ही काप सरळ, म्हणजे हातकटर चालतो. २ मिमीचा सांधा, त्यात भरायला लादीच्या रंगाचा इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला). दाराशी पडदा असेल तर चटकन लक्षात येत नाही.

ओळंबा, कळवा

हे बरोबर आहे. पण पहिली लादी एलसाठीच वापरा. ती गेली तर दुसरीचे दोन तुकडे करा.

पारिजात, ऐरोली

दादा, झालं! पातं अखंड कडेचं आणलं. तुकड्यांवर तीनदा केलं, पहिला फुटला कारण भोक रेघेपासून लांब पडलं होतं. पुढचे दोन टिकले. काल सकाळी गच्चीवर खरी लादी घेतली, पाऊण तास लागला. उलटी करून शेवटचा भाग कापताना भावाचा हात थरथरत होता, पण लादी शाबूत निघाली. चौकटीला दोन मिलिमीटरची फट आहे, ग्राउट भरेन. दुसरी लादी पलंगाखाली जपून ठेवलीय.