मदत हवी आहे: एकाच स्विचवर दोन सबनेट, गेटवे कुठला द्यायचा?

चोपड्याकडच्या एका जिनिंगचं नेटवर्क बघतोय. सगळं १९२.१६८.१.०/२४ या एकाच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या एकाच गटात), राउटर, म्हणजे गेटवे (सबनेटबाहेर जायचा रस्ता), १९२.१६८.१.१. कापसाची आवक वाढली की वजनकाट्याची पावती निघायला उशीर होतो, म्हणून कॅमेरे वेगळे करायचेत. /२५ ने दोन भाग पाडले: ऑफिस आणि काटा .१ ते .१२६, कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) .१२९ ते .२५४. मास्क (सबनेटची हद्द ठरवणारा आकडा) सगळीकडे, राउटरलाही, २५५.२५५.२५५.१२८.

आकडेमोड जमली, गाडी गेटवेवर अडली. कॅमेऱ्यांना १९२.१६८.१.१ दिला तर तो त्यांच्या सबनेटबाहेर पडतो, ऑफिसातून कॅमेऱ्यांना पिंग (जोडणी तपासायचा संदेश) जात नाही. मास्क परत /२४ केला की सगळं दिसतं, म्हणजे केबलचा प्रश्न नाही. स्विच साधा आहे, व्हीलॅन (एकाच स्विचचे आतून वेगळे भाग पाडायची सोय) नाही. राउटर इंटरनेटवाल्याचा, लॅनला एकच आयपी घेतो. कॅमेऱ्यांना इंटरनेट नको, फक्त ऑफिसच्या एका पीसीवर दिसले की झालं. शेठ एकच नवीन वस्तू घेऊ देतील, तीही घासाघीस करून.

त्या पीसीला विंडोजमध्ये दुसरा आयपी १९२.१६८.१.१३० दिला तर काम भागेल का? आणि स्विच तोच राहिला तर कॅमेऱ्यांचा ट्रॅफिक खरंच वेगळा होतो, की नुसते नंबर बदलतात? तसं असेल तर आधी काय घ्यावं, व्हीलॅनवाला स्विच की राउटर?