सल्ला हवाय: पोटाला दूध चालत नाही, हाडांना हवंय, आणि आबांच्या धारोष्ण पेल्याचं काय करू?

गंगावेशकर

मंडळी, दोन प्रश्न एकाच धाग्यात घालतेय. वेगळा धागा काढला तर आबांचा प्रश्न राहूनच जाईल.

मी मूळची कोल्हापूरची, वीस वर्षं पुण्यात. वय ४७. दिवाळीच्या आधी जिन्यात पाय सटकला, हात टेकवला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हाडांची घनता तपासायला लावली, ती कमी निघाली. "दूध घेता का?" म्हणाल्या. मी म्हटलं, चहातून घेते की. त्या नुसत्या हसल्या आणि रोज दोन कप लिहून दिलं.

पंचाईत अशी की नुसतं दूध प्यायले की तासाभरात पोट नगारा होतं. गुडगुड, कळा, पुढचं सांगत नाही. दही-ताक मात्र कितीही चालतं. सासूबाई म्हणतात, "सवय नाही म्हणून होतं, रोज पी म्हणजे जमेल." खरंच जमतं का?

दुसरा प्रश्न आबांचा. वय ७३. रोज रात्री जेवण झालं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: म्हशी कडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध तसंच पेल्यात हातात येतं. आबा तालमीतले. जोर-बैठका गुडघ्यांनी सोडवल्या, दूध काही सुटलं नाही. मागच्या खेपेला त्यांचा पेला गुपचूप पाण्याने भरून मोजला. काठोकाठ अर्धा लिटर. बीपीची गोळी चालू आहे, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे. विषय काढला तर म्हणाले, "हाड तुजं मोडलंय, माजं न्हाई." यावर काय बोलणार?

"दूध म्हणजे विष" आणि "दूध म्हणजे अमृत" असले व्हिडिओ कृपया टाकू नका. दोन्ही प्रकारचे घरच्या ग्रुपवर आलेले आहेत.

हर्णैकर

आमच्याकडे मोठ्या माणसाने पेला भरून दूध पिणं म्हणजे आजारपण किंवा लग्नाची पहिली रात्र. लहानपणी घरात दूध यायचं ते चहापुरतं आणि धाकट्या भावासाठी. आजी ८८ वर्षं जगली, शेवटपर्यंत विहिरीचं पाणी ओढलं. सुकट, जवळा, काट्यासकट चावून खायची बारकी मासळी आणि नाचणीची भाकरी. तुम्ही मासे खाता का ते सांगा, मग पुढचं बोलू.

स्टेथोवाली

ताई, आधी पोटाचं. तुमच्यात काही बिघडलेलं नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. तान्हेपणी ते सगळ्यांकडे भरपूर असतं, अंगावरचं दूध सुटलं की बहुतेक माणसांत ओसरत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांचं असंच असतं. उलट मोठेपणीही ते टिकतं तो जनुकातला बदल, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या जनावरं पाळून दूध पीत आले तिथे तो पसरला. आपल्या देशात वायव्येकडे, म्हणजे पंजाब-राजस्थानच्या बाजूला, तो जास्त सापडतो. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाल तसा कमी होतो. महाराष्ट्र मधे लटकलेला. त्यामुळे एकाच घरात आबांना अर्धा लिटर पचतं आणि लेकीला कपभर नाही, यात नवल काहीच नाही.

न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू ती आंबवतात. तुमचा नगारा तो. दह्याच्या विरजणातले जंतू बरीचशी साखर आधीच खाऊन टाकतात, शिवाय उरलेली पचवायला पोटात मदत करतात. म्हणून दही चालतं.

सासूबाईंचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. लॅक्टेज सवयीने परत येत नाही हे खरं. पण रोज थोडं थोडं घेतलं तर आतड्यातले जंतू जुळवून घेतात आणि त्रास कमी होतो. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक लोकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, जेवणाबरोबर घेतलं तर झेपतं. रिकाम्या पोटी गटागटा प्यायलं की तेच नडतं. तुम्ही कधी पिता?

गंगावेशकर

सकाळी उठल्या उठल्या. उपाशीपोटी. गोळी घेतल्यासारखं, नाक दाबून.

मासे खाते, पण कोल्हापूरची ना, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याइतका जीव नाही त्यात.

स्टेथोवाली

मग तो प्रकार आजपासून बंद. पाव कपापासून सुरू करा, दुपारच्या जेवणानंतर, आणि दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवा. नाही जमलं तर नाद सोडा, दह्यावर भागतं. खात्रीच करायची असेल तर श्वासातल्या हायड्रोजनची एक तपासणी असते, पोटाचे डॉक्टर करून देतात. पण वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल तर घरगुती प्रयोग न करता आधी दाखवा. सगळंच काही लॅक्टोज नसतं.

आता हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली मोठ्यांसाठी रोजचं कॅल्शियम ६०० वरून १००० मिलिग्रॅम केलं. त्यांच्याच आहाराच्या ताटात दूध किंवा दही ३०० मिली धरलेलं आहे. "किंवा" लक्षात घ्या. गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम, दह्यातही जवळपास तेवढंच. म्हणजे दोन वाट्या दह्यात तुमचा एक तृतीयांश हप्ता फिटला. ताकाला मात्र हे गणित लावू नका, त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं.

आणि ड जीवनसत्त्व तपासलंय का? ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पुण्यातल्या बंद गाडीत आणि बंद ऑफिसात बसणाऱ्या बायकांमध्ये मला ते क्वचितच नीट दिसतं.

शंकासूर

सगळे दूध-दही करताय, पण स्वीडनचा अभ्यास कुणीच काढला नाही? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. ६१ हजार बायका, त्यात दिवसाला तीन ग्लास आणि वर दूध पिणाऱ्यांची हाडं जास्त मोडली, मृत्यूही जास्त. दूध हाडं मजबूत करतं हा जाहिरातवाल्यांनी रुजवलेला समज आहे.

स्टेथोवाली

काढलात ते बरं केलंत. अभ्यास खरा आहे. पण तो निरीक्षणाचा आहे: लोकांना विचारून ठेवलं आणि पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं पाहिलं. ज्यांची हाडं मुळात ठिसूळ त्याच बायका दूध जास्त घेत असतील, हे त्यातून पूर्ण वगळता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांनी स्वतःच सावधगिरीने वाचायला सांगितलं होतं. दुसरं म्हणजे त्याच अभ्यासात दही आणि चीज खाणाऱ्यांमध्ये उलटं चित्र होतं. तिसरं, तीन ग्लास म्हणजे किती हो! इथे ताईंचं अडलंय एका कपावर.

"जास्त दूध म्हणजे जास्त मजबूत हाड" हा समज चुकीचा, एवढं तुमचं मान्य. हाडाला वजन पेलायची सवय लागते. चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं. आबांच्या हाडांचं श्रेय मी तरी पेल्यापेक्षा त्या जोर-बैठकांना देईन.

बर्फातला_बंड्या

फिनलंडातून, टाम्पेरे. इथे मोठी माणसं दुपारच्या जेवणाबरोबर ग्लासभर थंड दूध पितात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सूट घातलेला साहेबसुद्धा. पहिल्या आठवड्यात मला हसू आवरत नव्हतं. आता मीही पितो.

शंकासूर, तुमच्यासाठी शेजारच्या देशाची गोष्ट. १९७० च्या सुमारास फिनलंडच्या पूर्वेकडचा उत्तर कारेलिया हा भाग हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांसाठी जगात बदनाम होता. लाकूडतोडे, शेतकरी, अंगमेहनतीची माणसं. खाणं म्हणजे सायीचं दूध, पावावर बोटभर लोणी, खारवलेलं मांस, वर सिगारेट. १९७२ साली पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या पुढाकाराने तिथे मोहीम सुरू झाली. दूध सोडा असं ते कधीच म्हणाले नाहीत, दुभत्या जनावरांवर जगणाऱ्या गावात कोण ऐकणार? स्निग्धांश काढलेलं दूध घ्या, लोणी कमी करा, मीठ कमी करा, सिगारेट सोडा. बायकांच्या मंडळांना हाताशी धरलं, पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा लावल्या. काही दूधवाल्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवलं. चाळीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. सगळं श्रेय दुधाचं नाही, पण सायीचा वाटा मोठा होता.

नंतर याच लोकांनी दुधातून ड जीवनसत्त्व द्यायला सुरुवात केली, २००३ पासून, आणि २०१० मध्ये प्रमाण दुप्पट केलं. इथे हिवाळ्यात सूर्य नावालाच. सगळा देश दूध पितो म्हटल्यावर औषध दुधातच घालणं सोपं.

आणि गंगावेशकर, इथेही साधारण सहातल्या एकाला दूध पचत नाही. मोठेपणी लॅक्टेज टिकवणारा तो जनुकातला बदल हेलसिंकीच्याच लोकांनी २००२ मध्ये शोधला. दुकानात लॅक्टोज काढलेल्या दुधाची अख्खी भिंत असते. आपल्याकडेही आता खोक्यात मिळतं, किंचित गोड लागतं, खिशाला जड आहे.

चिलिंग_सेंटर

मी दूध संकलनात २६ वर्षं काढली, सांगली भागात. म्हशीच्या दुधाला फॅट ६ ते ७ लागतं. आबांचा अर्धा लिटर म्हणजे ३० ग्रॅमच्या वर निव्वळ तूप झालं बघा. पिशवीतलं टोन्ड ३ टक्के, डबल टोन्ड दीड टक्का. कॅल्शियम पाण्याच्या भागात असतं, सायीत नाही. साय काढली म्हणून हाडांचं नुकसान होत नाही.

दुसरं, कच्चं दूध. हे मी हात जोडून सांगतो. आमच्या ओळखीत एकाला तीन महिने ताप येत-जात होता, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. टायफॉइड झाला, मलेरिया झाला, शेवटी ब्रुसेला नावाचा जंतू निघाला. कच्च्या दुधातून येतो, गाभण जनावर गाभडलं की त्याच्या संपर्कातूनही येतो. जनावर वरून धडधाकट दिसतं. सरकारने २०१९ पासून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस द्यायची मोहीम काढलीय, पण सगळी जनावरं त्यात आली असं समजू नका. जनावरांचा क्षयही दुधातून येतो. एक उकळी आणली की दोन्ही मरतात. बस्स, एक उकळी.

"डोळ्यासमोर काढलंय, भेसळ नाही" हे आबांचं म्हणणं असणार. पाणी नाही हे खरं. जंतू डोळ्याला दिसत नाहीत.

स्टेथोवाली

+१. आणि त्या ३० ग्रॅममधलं साधारण दोन तृतीयांश संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं फॅट. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने २२ ग्रॅमच्या आत राहावं असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. आबांचा अख्ख्या दिवसाचा कोटा त्या एका पेल्यात, वर घरचं तूप आणि मटण वेगळं. जोर मारायचे तेव्हा खपून जायचं.

पण ७३ व्या वर्षी दूध बंद करायला मी सांगणार नाही. या वयात प्रथिनं कमी पडतात, स्नायू झडतात. शाकाहारी असते तर बी१२ चाही प्रश्न होता. अर्धा पेला, उकळून, साय काढून. एवढ्यावर तह करा.

शंकासूर

ए२ दुधाबद्दल कुणी बोलेल का? आमच्या सोसायटीत काचेच्या बाटलीतून येतं, लिटरला शंभरच्या वर.

चिलिंग_सेंटर

ए१-ए२ हा एका प्रथिनातला फरक. लॅक्टोज दोन्हींत तेवढंच. शिवाय म्हशीचं दूध ए२च असतं, त्याला कोण जादा पैसे देतं? ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटावरचे हे दावे काढायला सांगितले आणि पाच दिवसांत स्वतःच आदेश मागे घेतला. काय समजायचं ते समजा. बाटली धुऊन परत द्या म्हणजे झालं.

गंगावेशकर

दीड महिन्याने परत आले, धागा वर काढतेय.

माझं: ड जीवनसत्त्व खरंच तळाला होतं, औषध चालू आहे. सकाळचं दूध बंद. दुपारी जेवणानंतर पाऊण कप दूध झेपतंय, पूर्ण कपाला अजून गुडगुडतं. रात्री वाटीभर दही. हर्णैकरांच्या आजीला स्मरून नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी रोज. सुकट एकदा केली, शेजारच्यांनी बेल वाजवली.

आबांचं: कोलेस्टेरॉल सांगून उपयोग झाला नाही, "फिनलंडचे लाकूडतोडे" सांगून थोडा झाला. पण खरं काम चिलिंग सेंटर दादांच्या ब्रुसेलाने केलं. तालमीतल्या एकाला मागे असाच महिनोन्‌महिने ताप होता, ते आबांना आपसूक आठवलं. आता कट्ट्यावर जातात, गप्पा मारतात, दूध कॅनमधून घरी आणतात आणि आई उकळते. पहिले दोन दिवस "फेस कुठाय ह्याला" म्हणून कुणाशी बोलले नाहीत. पेला तोच आहे, निम्मा भरतात. साय काढायला तयार नाहीत.

हर्णैकर

सायीचं नंतर बघू. सुकटीला आधी कोरडी भाजून पाण्यात घाला, मग पिळून घ्या. खिडकी उघडी ठेवा आणि भाजायची वेळ दुपारची धरा, तेव्हा शेजारी ऑफिसला असतात.

चिलिंग_सेंटर

साय वेगळी साठवा, विरजण लावा, आठवड्याने लोणी काढा. आबांना म्हणावं, टाकली नाही, ठेवलीय. खाली जे ताक उरेल ते ताईंनी प्यावं.