बेंगळुरू–सॅन फ्रान्सिस्को १४,००० किमी. पण बेळगावच्या सांबरा विमानतळापासून किती तास धरायचे?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. आई (६८) आणि बाबा (७३) पहिल्यांदाच ताईकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत. नेटवर बेंगळुरूपासून १४,००० किमी, साडेपंधरा तास असं दाखवतंय. तिकिटं बघायला गेलं की २४ तास, २८ तास. खरं काय धरायचं? सांबऱ्याहून विमानानं बेंगळुरू गाठू का? आईचे गुडघे दुखतात, ते लक्षात घेऊन सांगा.

दोरा_ताणणारा:
साडेपंधरा हा नुसता भागाकार आहे, १४,००० किमी भागिले विमानाचा ताशी ९०० किमी वेग. थेट विमान मिळालं तरी जाताना १६ तास, येताना १७च्या वर. वरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना पाठीशी, येताना तोंडावर.
सगळ्यात जवळची वाट कुठून जाते ते लेकीच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून बघितलं. मला वाटलेलं समुद्रावरून जाईल, तर हा दोरा चीन, सैबेरिया करत अलास्कावरून खाली उतरला! थेट उत्तर ध्रुवावरून गेलं तरी जेमतेम ३७० किमी वाढतात. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं ते ध्रुवावरूनच.

टिळकवाडीची_मावशी:
अरे, त्याला दोरा नको, गुडघ्याचं सांगा की! १६ तास एका जागी बसवू नकोस. दुबईमार्गे स्वस्त दिसेल, पण आधी ४ तास आणि मग परत १६. काय उपयोग? फ्रँकफर्टमार्गे साधारण १० आणि साडेअकरा, निम्मं-निम्मं पडतं. किलोमीटर अडीच हजार वाढू देत. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की तिथं ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांग, दोघांसाठी.
आणि सांबऱ्याचं वेगळं तिकीट अजिबात नको. आमचं जुलैत पावसानं विमान रद्द झालं, पुढच्या कंपनीनं हात वर केले, तिकिटाचे पैसे बुडाले. एकाच बुकिंगमध्ये मिळत असेल तरच घे.

खानापूर_रोड:
मावशींशी सहमत. आम्ही आदल्या संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडतो. सकाळी बेंगळुरू, नातेवाइकांकडे आंघोळ-जेवण, मग निवांत विमानतळ. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून, तीन तास आधी पोचा. दारातून दारापर्यंत दोन दिवस धर.
तारखेचा घोळ मात्र बाबांना आधीच समजावून सांग. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळ्यात थेट विमानानं दुपारी अडीचला निघालं तर तिकडच्या घड्याळात त्याच तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास उतरणार. माझ्या वडिलांनी त्या दिवशी रात्रीची गोळी दोनदा घेतली होती. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्या.

शहापूरकर:
फ्रँकफर्ट आणि राणी चन्नम्मा, ठरलं. मावशी, आई दोन किलो कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई) नेणार म्हणते...

टिळकवाडीची_मावशी:
हातातल्या पिशवीत नको, तपासणीत काढून ठेवतील. मोठ्या बॅगेत घाल. आणि अमेरिकेत उतरल्यावर खाण्याचं काही आणलंय का विचारलं की सरळ हो म्हणायचं, लपवलं तर दंड.