‘नेब्रास्का’ उगाच डोक्यावर घेतलाय का?

तेविशी: अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन मला ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’पुरताच माहीत होता. ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी त्याचा ‘नेब्रास्का’ अल्बम ऐक. ऐकला, तीनदा. दहातली चार गाणी जबरदस्त, बाकी सहा एकमेकांच्या झेरॉक्स. गिटार, माउथ ऑर्गन, पुटपुट. ओळीही त्याच! प्रामाणिक माणसाला फेडता येणार नाही असं कर्ज ‘अटलांटिक सिटी’त आहे, ‘जॉनी ९९’मध्येही आहे. ‘स्टेट ट्रूपर’च्या शेवटची विनवणी ‘ओपन ऑल नाइट’च्या शेवटी पुन्हा. आजच्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर आळशी ठरला असता.

कॅसेटकाळ: तीनदा ऐकून निकाल? आम्ही महिनोन्‌महिने ऐकला तेव्हा कुठे उलगडला. जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या घरी बसून, चार ट्रॅकच्या मशीनवर साध्या कॅसेटवर रेकॉर्ड केलंय हे. बँडला ऐकवायला म्हणून. मग बँडबरोबर वाजवून पाहिलं, जीव गेला गाण्यांतला. खिशात डबीविना फिरवलेली ती कॅसेटच शेवटी अल्बम झाली. आणि दोन वेगळी माणसं एकाच कर्जात बुडाली असतील तर ओळ एकच असणार ना!

तेविशी: तुमच्याकडे दुसरी कॅसेट नसेल, म्हणून महिनोन्‌महिने! शिवाय खर्डा होता हे तुम्हीच कबूल केलंत. खर्ड्यात ओळ दोनदा येतेच, अर्थ मागाहून आपण चिकटवतो.

खालचासूर: खर्ड्याचा मुद्दा टिकत नाही. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणंसुद्धा त्याच घरगुती रेकॉर्डिंगमध्ये होतं. ते त्याने बाजूला ठेवलं आणि १९८४मध्ये बँडसकट दणक्यात आणलं. काय कच्चं ठेवायचं हे त्याला कळत होतं.

पण ‘महिनोन्‌महिने’ हाही काही युक्तिवाद नव्हे, काका. त्यापेक्षा शीर्षकगीत घ्या. १९५८मध्ये स्टार्कवेदर नावाच्या तरुणाने केलेल्या हत्याकांडावर आहे, खुनी स्वतः बोलतो आणि आवाज एकदाही चढत नाही. बोलताना ‘सर’ म्हणतो. दुसऱ्या गाण्यांतही ‘सर’, ‘मिस्टर’ येत राहतं, कधी न्यायाधीश समोर, कधी पोलीस. सगळा अल्बम म्हणजे जबानी आहे. जबानीत चाल बदलून काय करणार?

तेविशी: ‘सर’ माझ्या कानावरून गेलं होतं, मान्य. पण जबानी म्हटली म्हणून कंटाळा माफ होत नाही. बँडबरोबरची रेकॉर्डिंग २०२५मध्ये बाहेर आलीत, त्यातली ‘अटलांटिक सिटी’ ऐकली. काही जीव-बीव गेलेला नाही.

कॅसेटकाळ: ढोल आले की तुमच्या पिढीला बरं वाटतं.

तेविशी: मग ‘स्टेट ट्रूपर’ कसं आवडलं असतं? दोन तारांवर चाललेलं गाणं, आणि शेवटी तो किंचाळतो तेव्हा मी हेडफोन काढून फेकला होता. ते माझ्या चारांत आहे.

कॅसेटकाळ: उरलेली तीन कुठली ते सांग आधी.