इनटेक बंपरवरून की बंपरखालून?

ढिला_बेल्ट
सरावासाठी एफआरसीचा (शाळकरी टीमची रोबो-स्पर्धा, FIRST Robotics Competition) २०२४ चा गेम, क्रेसेंडो, घेऊन रोबो बांधतोय. प्रश्न इनटेकचा, म्हणजे रिंग उचलून आत घेणाऱ्या भागाचा. जमिनीवरून उचलायची ती फोमची रिंग: बाहेरचा व्यास १४ इंच, जाडी २ इंच. टीममध्ये दोन तट पडलेत. एकांना बंपरवरून (रोबोभोवतीच्या गादीच्या पट्टीवरून) खाली उतरणारा हात हवाय, दुसऱ्यांना बंपरखालून रिंग आत ओढणारे स्थिर रोलर. मी दुसऱ्यांपैकी. हलणारा सांधाच नाही, म्हणजे वाकायला, अडकायला काही नाही. ड्रायव्हरनं रिंगवर गाडी घालायची, बास.

तुटका_स्प्रॉकेट
कागदावर छानच दिसतं. त्या वर्षीच्या नियमानुसार बंपर जमिनीपासून साडेसात इंचांच्या आत हवा, आणि बंपर साधारण ५ इंच उंच. खाली उरले अडीच. त्यात २ इंचांची रिंग. उरलेला अर्धा इंच तुम्ही ब्रेक मारला की नाक खाली घालणाऱ्या रोबोच्या भरवशावर सोडताय! आमचं हेच झालं. टेबलावर दहापैकी दहा वेळा रिंग आत. कार्पेटवर मात्र ती बंपरला टेकून पुढेच सरकायची आणि ड्रायव्हर बिचारा तिच्या मागे मैदानभर.

ढिला_बेल्ट
हे बंपर सैल बसवल्याचं दुखणं आहे, इनटेकचं नाही. ब्रॅकेट घट्ट करा, झालं. तुमचा तो बाहेर काढलेला हात भिंतीवर आपटला की काय होतं, तेही सांगा ना.

तुटका_स्प्रॉकेट
ॲल्युमिनियमचा असेल तर वाकतो आणि वाकलेलाच राहतो, कबूल. म्हणून आम्ही बाजूच्या पट्ट्या पॉलिकार्बोनेटच्या केल्या. धडक बसली की लवतात, पुन्हा सरळ होतात. आणि भिंतीला तिरकी टेकून उभी राहिलेली रिंग? तुमचा बंपर तिच्यावर चढणार कसा?

उलटा_गिअर
तुम्ही दोघं जागेवर भांडताय, रोलरच्या वेगाबद्दल कुणी बोलतच नाही. २ इंची रोलर, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५. परीघ ६.२८ इंच. गुणा: १५७ इंच, सुमारे ४ मीटर प्रतिसेकंद. तुमचा रोबोही ४ मीटरनं धावत असेल तर रिंगच्या जागी बसून बघा: रोलरचा खालचा पृष्ठभाग तिच्यासमोर जवळजवळ उभाच आहे. ओढ कुठून येणार? म्हणून ढोबळ अंदाज असा की रोलर रोबोच्या दुप्पट वेगानं फिरावा. तेवढं जमलं की रिंगला हात लागला, ती आपली झाली. हे न करता वरून-खालून करत बसलात तर दोन्हीकडून बोंब.

ढिला_बेल्ट
वेगाचं पटलं. आमचा गिअर जड लावलाय, दुप्पट तर सोडाच, बरोबरीलाही येत नाही. आज बदलतो.

तुटका_स्प्रॉकेट
आणि भिंतीजवळची रिंग?

ढिला_बेल्ट
ती नाहीच उचलता येणार. मी ती सोडून देतो. उघड्यावर पडलेल्या रिंगा भरपूर असतात, त्यांवर वेळ घालवलेला परवडतो.

तुटका_स्प्रॉकेट
सामन्याच्या शेवटी जेव्हा तीच एक उरलेली असेल, तेव्हा ड्रायव्हरला हे सांगून बघा.