थॅनॉसचं गाँटलेट: कॉमिकमधलं जास्त भयंकर की सिनेमातलं?

निळीशाई

मार्व्हलच्या 'द इन्फिनिटी गाँटलेट' या कॉमिकचे सहाही अंक या आठवड्यात सलग वाचून काढले आणि त्यावर लगेच 'इन्फिनिटी वॉर' हा सिनेमा पुन्हा पाहिला. बरीच वर्षं मनात घोळत होतं ते आता ठाम झालंय, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं: सिनेमाने खलनायक थॅनॉसच्या त्या शस्त्राला कारण दिलं आणि तिथेच ते शस्त्र लहान झालं.

कॉमिक न वाचलेल्यांसाठी थोडं सांगते. मालिका १९९१ची, लेखक जिम स्टार्लिन. चित्रं आधी जॉर्ज पेरेझची, चौथ्या अंकात मध्येच रॉन लिमकडे गेली. थॅनॉसच्या डाव्या हातात गाँटलेट, म्हणजे धातूचा हातमोजा आहे आणि त्यात सहा रत्नं: आत्मा, मन, काळ, अवकाश, शक्ती, वास्तव. या सहांपलीकडे विश्वात काही उरत नाही. एवढं सगळं त्याने गोळा केलंय ते एका स्त्रीसाठी. ती स्त्री म्हणजे साक्षात मृत्यू. (आपल्याकडे मृत्यू पुल्लिंगी, म्हणून मी इथे मृत्युदेवी म्हणते.) तिला नजराणा म्हणून तो पहिल्याच अंकात चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव जागच्या जागी नाहीसे होतात.

ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही.

पुढे तो काय करतो? तिला मत्सर वाटावा म्हणून टेरॅक्सिया नावाची सहचरी निर्माण करतो, हुबेहूब स्वतःच्या वळणाची. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. विश्व मुठीत असलेला माणूस एका नजरेसाठी इतका खाली उतरतो, आणि त्याच्या रुसव्याची किंमत कोट्यवधी ताऱ्यांवरच्या जिवांनी मोजायची. त्याला समजावता येत नाही, कारण त्याच्याकडे मुद्दाच नाही. नुसतं दुखणं आहे.

सिनेमात तो आपल्या टायटन ग्रहाची गोष्ट सांगतो. माणसं फार झाली, साधनं कमी पडली, मी निम्मे कमी करा म्हणालो, कुणी ऐकलं नाही, ग्रह उजाड झाला. झाली योजना तयार. आणि परिणाम काय, तर इतकी वर्षं झाली तरी लोक 'तसं थॅनॉसचं चूक नव्हतं' यावर वाद घालतात. कॉमिक वाचून असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

कृष्णविवर

साफ असहमत.

कॉमिकमधलं गाँटलेट वापरणाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही. मनात आणलं की झालं. सिनेमात तसं नाही. निडाव्हेलिर या बुटक्या लोहारांच्या जगात एट्रीकडून ते घडवून घेतलंय आणि त्यानंतर तीनशे बुटक्यांची कत्तल झालीय, उरला एकटा एट्री. पहिली चुटकी वाजली की थॅनॉसचा हात कोळशासारखा होतो, गाँटलेट वितळल्यागत दिसतं. नंतर खड्यांनीच (सिनेमात रत्नांना मी खडे म्हणतो) खडे नष्ट करताना तो मरता मरता वाचतो. पुढच्या 'एंडगेम' सिनेमात चुटकी वाजवल्यावर हल्कचा हात जळून लुळा पडतो. टोनी स्टार्क तर जातोच. शस्त्राला वजन हवं, ते चालवणाऱ्याला जाणवायला हवं. ते सिनेमाने दिलं.

उलट कॉमिकमध्ये शेवट काय? थॅनॉसने छळलेली नेब्युला गाँटलेट बळकावते आणि गेले चोवीस तास पुसून टाकते. मेलेले सगळे परत, सगळं जिथल्या तिथे. एका दिवसात निस्तरता येणाऱ्या प्रलयाला मी प्रलय म्हणणार नाही.

हिशोबी

निळीशाई, कारण दिल्याबद्दल तुमची तक्रार नसावी, कारण खोटं आहे हे सिनेमाने दाखवलं नाही ही असावी. माझी तीच आहे. साधं गणित करून बघू.

'इन्फिनिटी वॉर' आला २०१८ साली. तेव्हा पृथ्वीवर साधारण ७६० कोटी माणसं होती. निम्मी म्हणजे ३८० कोटी. पृथ्वीवर याआधी ३८० कोटी माणसं कधी होती? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. आता थॅनॉस पहिल्यांदा छापला गेला तो 'आयर्न मॅन'चा ५५वा अंक फेब्रुवारी १९७३चा आहे. म्हणजे एवढा संहार करून त्याने पृथ्वीची लोकसंख्या मागे नेली कुठे, तर त्याचं स्वतःचं पहिलं चित्र छापलं गेलं त्या सुमाराला! तेव्हा काय टंचाई नव्हती? भूक नव्हती? आणि तिथून पुन्हा दुप्पट व्हायला पन्नास वर्षंही लागली नाहीत. खडे तर त्याने लगेच नष्ट केले, म्हणजे दुसरी चुटकी नाही.

दुसरं, 'एंडगेम'मध्ये नताशा स्पष्ट म्हणते की सगळ्या सजीवांपैकी पन्नास टक्के गेले. झाडं, गुरं, मासे यांतलेही निम्मे गेले असतील तर खाणारे निम्मे आणि खाणंही निम्मं. भागाकार तोच येतो.

हे पडद्यावर एका तरी पात्राने त्याला तोंडावर सुनवायला हवं होतं. गमोरा, त्याची मानलेली मुलगी, विरोध करते, पण हिशोब कुणीच मागत नाही. बॅनर (म्हणजे हल्क) आणि स्टार्कसारखे शास्त्रज्ञ समोर असताना!

निळीशाई

हिशोबी, १९७३चा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद. पण माझी तक्रार त्याच्याही अलीकडची आहे. हिशोब बरोबर असता तर? मग ते शस्त्र योग्य ठरलं असतं का? सिनेमा आपल्याला आकडेमोडीला बसवतो आणि आपण बसतो, यातच तो जिंकलेला असतो.

जुनाअंक

धागा छान चाललाय, पण मूळ मांडणीत एक गोष्ट सुटली आहे. कॉमिकमध्येही हिशोब आहेच. 'सिल्व्हर सर्फर' या मार्व्हल मालिकेचा ३४वा अंक, १९९०. मृत्युदेवी मेलेल्या थॅनॉसला परत जिवंत करते ती कशासाठी? तिच्या मते आज जिवंत असलेल्यांची संख्या आजवर मेलेल्यांच्या संख्येच्या पुढे गेली आहे आणि तोल बिघडला आहे. निम्मे मारायचे हा आकडा तिचा आहे. त्याच्या प्रेमातून उगवलेला नव्हे, वरून आलेलं काम म्हणून तो त्याच्याकडे आला. तेव्हा सिनेमाने हिशोब बाहेरून आणला असं म्हणता येणार नाही. देवीची वही होती, ती थॅनॉसच्या हातात दिली, इतकंच.

निळीशाई

जुनाअंक, अगदी खरं, हे मी लिहायला हवं होतं. पण मग त्याच वर्षीचं 'द थॅनॉस क्वेस्ट'ही धरायला हवं. तिथे तो एकेका रखवालदाराला फसवून सहाही रत्नं मिळवतो आणि तिच्यापुढे उभा राहतो, आता आपण बरोबरीचे झालो या आशेने. उत्तर काय मिळतं? की तू आता माझ्याहून मोठा झालास, बरोबरीचं नातं तुझ्याशी होणे नाही. जे मिळवलं त्यानेच ती कायमची दूर गेली. यानंतर 'इन्फिनिटी गाँटलेट' सुरू होतं. म्हणजे चुटकी वाजते तेव्हा तो हुकूम पाळणारा नोकर राहिलेला नसतो. जुनं काम पूर्ण करून दाखवलं तर कदाचित ती बघेल, एवढीच आशा असते. आकडा तिचा, मान्य. हात मात्र आशेने उचललाय.

इषीका

कृष्णविवर यांच्या 'निस्तरता येतं' या मुद्द्यावर थांबते, कारण संहारक अस्त्राची खरी खूण तीच आहे असं मला वाटतं.

सौप्तिकपर्वात अश्वत्थामा गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडतो आणि अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. नारद आणि व्यास मध्ये उभे राहून दोघांना ते आवरायला सांगतात. अर्जुनाला जमतं, अश्वत्थाम्याला सोडणं येतं, आवरणं येत नाही. मग ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर जातं. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट आजही मला छळते ती त्या 'आवरता येत नाही'मुळे. दोघांकडे अस्त्र तेच होतं, भयंकर ते एकाच्याच हातात झालं.

या कसोटीवर सिनेमातला थॅनॉस जास्त भयंकर आहे. तो स्वतःहून परतीची वाट बंद करतो. 'एंडगेम'च्या सुरुवातीला सगळे त्याला शोधत त्या बागेच्या ग्रहावर पोचतात, तर हा जळक्या हाताने शेती करतोय, चिलखत बुजगावण्यावर टांगलंय आणि खडे संपलेत. तो आवरू शकत होता, आवरायचं नाही म्हणून त्याने आवरण्याचं साधनच मोडलं. अश्वत्थामा निदान असमर्थ होता.

कृष्णविवर

इषीका, तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडलात. आणि परत आणल्यानंतरही सिनेमा पाच वर्षं पुसत नाही. टोनीची अटच ती असते, त्याला मुलगी झालीय. स्कॉट लँग (अँट-मॅन) परत येतो तेव्हा बेपत्तांच्या नावांच्या शिळांमधून धावत मुलीचं नाव शोधतो आणि सापडतं त्याचं स्वतःचं. मग दार उघडते ती पाच वर्षांनी मोठी झालेली मुलगी. ही वर्षं त्या बापाला कोण देणार? कॉमिकमध्ये असं एक तरी दार उघडतं का?

अजून एक. तुम्ही म्हणता सिनेमाने प्रेम काढलं आणि हिशोब घातला. प्रेम काढलेलं नाही, त्याची जागा बदलली आहे. कॉमिकच्या चौथ्या अंकात सगळे वीर पडतात, कॅप्टन अमेरिका एकटा थॅनॉससमोर उभा राहतो आणि मागून सिल्व्हर सर्फर सुसाट येतो, गाँटलेट हिसकायला. हात जरासा हुकतो. बस. निव्वळ नशीब. सिनेमात टायटनवर काय होतं आठवा. मँटिसने थॅनॉसला गुंगवलंय, स्पायडर-मॅन आणि टोनी ओढतायत, गाँटलेट बोटांपर्यंत सरकलंय. आणि गमोराच्या प्रियकराला, क्विलला, कळतं की गमोरा गेली. तो थॅनॉसच्या तोंडावर मारत सुटतो, गुंगी उतरते, सगळं हातचं जातं. निम्मं विश्व गेलं ते एका माणसाच्या दुःखाने. तुम्हाला हवं असलेलं दुखणं सिनेमात आहे, फक्त ते खलनायकाकडून नायकाकडे आलंय.

हिशोबी

क्विलच्या प्रसंगाला +१. थिएटरात तेव्हा 'नको, नको' असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. कदाचित मीच.

जुनाअंक

पण सर्फरचा हात हुकणं निव्वळ नशीब नाही हो. सहाव्या अंकात वीरांना एकत्र आणणारा ॲडम वॉरलॉक थॅनॉसला तोंडावर सांगतो की तू प्रत्येक वेळी सर्वशक्ती मिळवलीस आणि प्रत्येक वेळी ती हातची जाईल अशी फट स्वतःच ठेवलीस, कारण आपण तिच्या लायक नाही हे तुला आतून माहीत आहे. लढाईतही तो सैतानी सल्लागार मेफिस्टोचं ऐकून स्वतःची ताकद मुद्दाम कमी करतो, देवीला पराक्रम दिसावा म्हणून. आणि नेब्युलाला गाँटलेट मिळतं ते तो विश्वरूप व्हायला स्वतःचं शरीर मागे सोडून जातो म्हणून. हा सगळा शेवट त्याच्या स्वभावातून आलाय. चोवीस तास पुसले जातात हा भाग मलाही कच्चा वाटतो, तिथे कृष्णविवर यांच्याशी सहमत.

निळीशाई

शिळांवरची नावं आणि ते दार, यावर माझ्याकडे उत्तर नाही. कॉमिकमध्ये मागे उरलेल्यांचं दुःख इतकं जवळून येत नाही. ते सिनेमाने जास्त चांगलं केलंय, मोकळेपणाने मानते. आवरण्याचा मुद्दाही पटला.

पण प्रेमाची जागा बदलली म्हणताना तुम्ही वॉर्मिर ग्रहावरचा प्रसंग सोडून दिलात, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे. आधी हेही सांगते की सिनेमावाल्यांना देवी माहीत होती. २०१२च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये श्रेयनामांच्या मध्ये कुणीतरी थॅनॉसला म्हणतं की पृथ्वीशी लढणं म्हणजे मृत्यूला साद घालणं आहे, आणि तो मान वळवून हसतो. तो धागा पुढे सोडून दिला आणि तिच्या जागी आणली गमोरा.

वॉर्मिरच्या कड्यावर त्याला कळतं की आत्म्याच्या खड्यासाठी प्रेमाचं माणूस द्यावं लागतं. गमोरा हसते. तिला वाटतं विश्वाने अखेर याचा न्याय केला, कारण याचं कुणावरच प्रेम नाही. तो वळतो तर डोळ्यांत पाणी. आणि खडा त्याला मिळतो. म्हणजे जिने लहानपणापासून त्याचा छळ सोसला, ज्याने तिच्या लोकांची कत्तल केली त्याला जिने आतून बाहेरून ओळखलं, ती चुकली आणि तो बरोबर, असं सिनेमाचं विश्वच सांगतं. कॉमिकमध्ये त्याच्या प्रेमावर असा शिक्का कुणी मारत नाही. देवी गप्प राहते. ती गप्पच राहते म्हणून मी सहा अंक श्वास रोखून वाचते.

कृष्णविवर

शिक्का नाही हो तो. खडा प्रेम खरं की खोटं ते तपासत नाही, माणसाकडून काय गेलं ते मोजतो. त्याचं गेलं, म्हणून मिळाला. छळणाऱ्यालाही माया असू शकते आणि ती माया कुणाच्याच कामाची नसते, हे मला त्या प्रसंगात दिसलं. मला तर तो अश्रू पाहून त्याची जास्तच चीड आली.

निळीशाई

तुम्हाला चीड आली, हे मी मानते. पण माणसाकडून काय गेलं म्हणताय, तर तिथे जीव गमोराचा गेला. तो प्रसंग पुन्हा लावा आणि कॅमेरा कुणापाशी थांबतो ते बघा. कड्याखाली पडलेली ती वरून दिसते. मग उथळ पाण्यात तो जागा होतो, मूठ उघडतो, खडा चमकतो. त्यानंतर आपण त्याच्यासोबत असतो.