काळ्या कुत्र्याचे छायाचित्र कोणत्या उंचीवरून घ्यावे?

प्रश्न : उभ्याने टिपलेल्या छायाचित्रांत आमच्या काळ्या कुत्र्याचे डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, शिवाय अंगणातल्या उन्हापुढे त्याचा नुसता काळा डाग उरतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : कॅमेरा जमिनीलगत आणावा. अमेरिकी छायाचित्रकार एलियट अर्विट यांचे 1974 सालचे न्यूयॉर्कमधील छायाचित्र अवश्य पाहावे. त्यात विणलेली टोपी घातलेला चिवावा जातीचा इवलासा कुत्रा पूर्ण दिसतो, त्याच्या शेजारी एका बाईचे बूट दिसतात, आणि त्यांच्या पलीकडचे जे दोन पाय प्रथम माणसाचेच वाटतात, ते ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्याचे पुढचे पाय आहेत हे क्षणभराने ध्यानात येते. चौकट चिवावाच्या उंचीला धरून कापली नसती, तर ही गंमत साधलीच नसती. (गुडघ्यांना त्रास होतो, हे मान्य.)

उत्तर : डाग होतो तो मागच्या उजेडामुळे, कॅमेरा त्या उजेडाचा हिशेब धरून एक्स्पोजर (छायाचित्रासाठी आत घेतला जाणारा प्रकाश) कमी करतो. कुत्र्याला ओसरीच्या सावलीत, बाजूने प्रकाश येईल असे बसवावे आणि डोळ्यांवर फोकस ठेवावा.

उत्तर : तपशिलाचा आग्रह नेहमीच धरावा असे मला वाटत नाही. स्पॅनिश चित्रकार गोयाने स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवलेल्या आणि आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात असलेल्या चित्रात कुत्र्याचे फक्त डोके दिसते. बाकी जवळजवळ सगळे चित्र पिवळट, रिकामे आहे, आणि नजर मात्र त्या डोक्यावरच खिळते.